खुनी कोण ते न सांगता: रहस्यकथा वाचणं आणि तिच्याविषयी लिहिणं

अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ 1920 साली आली. वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली, पण ख्रिस्तीबाईंना पुढे आयुष्यभर अभिमान वाटत राहिला तो औषधनिर्मात्यांच्या एका व्यावसायिक नियतकालिकातल्या परीक्षणाचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करण्याच्या विभागात काम करत होत्या. कुठलं औषध कशात मिसळलं की काय होतं, हे त्या रोजच्या कामातून शिकल्या होत्या आणि कादंबरीत विष त्यांनी तसंच वापरलं होतं. ते बिनचूक आहे, असं त्या धंद्यातल्याच माणसाने छापून सांगितलं. लेखिकेला याहून मोठी पावती कुठली हवी?

ते विष स्ट्रिकनीन. कादंबरीत त्याचा संशय लवकरच येतो, त्यामुळे इथे सांगितल्याने कुणाचा रसभंग होणार नाही. स्ट्रिकनीन काजऱ्याच्या बियांत असतं, आणि काजरा गोव्यात डिचोली-पेडण्याच्या रानात उगवणारं झाड आहे. फळं नारिंगी, दिसायला देखणी. आत बटणासारख्या चपट्या बिया. ज्याचं लहानपण रानाच्या कडेला गेलं, त्याला काजऱ्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. ख्रिस्तीबाईंची ती कादंबरी हातात घेतलेला डिचोलीजवळच्या सर्वण गावचा वाचक त्या विषाच्या बाबतीत लंडनच्या वाचकाच्या एक पाऊल पुढेच असतो.

रहस्यकथेचं चांगलं परीक्षण करायला साहित्यशास्त्राची पदवी लागत नाही, असं मला ठामपणे वाटतं. कामधंद्यातून आणि गावातून जे ज्ञान आपल्याकडे आलंय, ते पुस्तकाला लावून बघायचं धाडस लागतं. आणि कुठे गप्प बसायचं ते कळावं लागतं.

कोझी मिस्टरी म्हणजे कसली गोष्ट

इंग्रजीत रहस्यकथेचा एक प्रकार गेली शंभर वर्षं लोक मायेने वाचत आलेत. त्याला ‘कोझी’ म्हणतात. खून होतो, पण रक्ताचे पाट पानावर वाहत नाहीत. शोध घेणारा माणूस बहुतेकदा पोलीस नसतो. शेजारची म्हातारी असते, पाद्री असतो, पुस्तकाच्या दुकानाची मालकीण असते. आणि गोष्ट घडते ती सगळे सगळ्यांना ओळखतात अशा छोट्या जागी.

या प्रकाराचा कळस म्हणजे मिस मार्पल. ती पहिल्यांदा कादंबरीत आली 1930 साली, ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’मध्ये. गाव सेंट मेरी मीड. पाद्रीसाहेबांच्या अभ्यासिकेत एक कर्नल गोळी लागून मेलेला सापडतो. त्या खोलीतलं घड्याळ पाद्रीसाहेब पंधरा मिनिटं पुढे ठेवतात, म्हणजे आपण वेळेवर निघू, या हिशेबाने. घरातल्यांना हे ठाऊक. तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरला ठाऊक नाही, आणि पाद्रीसाहेब सांगायला जातात तर तो त्यांना बोलूच देत नाही. अख्ख्या प्रकाराचं मर्म या एका प्रसंगात आहे. पोलिसांकडे अधिकार असतो, गावाकडे माहिती असते. मिस मार्पलची सगळी हुशारी त्या माहितीवर उभी आहे. गावातल्या कुणीतरी पूर्वी केलेली लबाडी तिला आठवते आणि समोरच्या माणसाचा स्वभाव ती त्यावरून ताडते.

डब्ल्यू. एच. ऑडेन हा मोठा कवी. त्याने 1948 साली या विषयावर एक निबंध लिहिला. आपल्याला रहस्यकथांचं व्यसन आहे, आणि गोष्ट इंग्लंडच्या खेड्यात घडत नसेल तर ती आपल्याच्याने वाचवत नाही, असं त्याने त्यात मोकळेपणाने कबूल केलं. त्याचं म्हणणं असं, की जागा जितकी शांत आणि सुखी, तितकं तिथलं प्रेत विसंगत वाटतं. हे मला पटतं. मुंबईच्या गल्लीत प्रेत सापडलं तर ती बातमी असते. सर्वणच्या एखाद्या वाड्यावर सापडलं, तर पुढची पंचवीस वर्षं त्या जागेला लोक त्याच नावाने ओळखतील.

मराठीत आलेली वाट

मराठी माणसाला रहस्याची गोडी लागली ती आधी रूपांतरांतून. गो. ना. दातारशास्त्र्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्या मराठी वेषात आणल्या. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्या. पुढे अशोक जैनांनी सत्यजित राय यांचा फेलुदा आणला. हा फेलुदा घरातल्या मोठ्यांनी आधी वाचावा आणि मग मुलांच्या हाती द्यावा, इतका छान मराठीत उतरलाय.

स्वतंत्र नाव घ्यायचं तर पहिलं बाबुराव अर्नाळकरांचं. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906, मृत्यू 1996. झुंजार, धनंजय आणि छोटू, काळापहाड ही त्यांची माणसं घरोघरी पोचली. पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली. ज्या घरात दुसरं कुठलंही पुस्तक नव्हतं त्या घरात अर्नाळकर होते, आणि अनेकांना सलग वाचण्याची सवय त्यांनीच लावली. साक्षरतेच्या कुठल्याही मोहिमेइतकं हे काम मोलाचं आहे.

त्यांच्यामागून पुण्याचे सुहास शिरवळकर आले. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास न्यायालयात गुंता सोडवतो, तर दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन मैदानात. कोल्हापूरच्या बाबा कदमांनी वकिलीतला अनुभव गोष्टींत ओतला. शं. वा. कुलकर्णींनी ‘धनंजय’ हा दिवाळी अंक रहस्य, भय आणि विज्ञान यांच्या कथांसाठीच काढला. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताला हक्काची जागा दिली.

आणि गोव्याशी नाव जोडलेले गुरुनाथ नाईक. सत्तरच्या दशकात त्यांच्या कथांच्या मालिकाच्या मालिका यायच्या. गरुडकथा, गोलंदाज, शिलेदार अशी त्या मालिकांची नावं. कॅप्टन दीप हा त्यांचा नायक त्या पिढीतल्या मुलांना तोंडपाठ होता. त्यांचीही पुस्तकं हजाराच्या वर. 2021 साली ते गेले. एवढं लिहिलेल्या माणसाच्या एका तरी कादंबरीवर नीट, सविस्तर परीक्षण लिहिलेलं दाखवा म्हटलं तर शोधाशोध करावी लागते, याचं मला वाईट वाटतं.

या सगळ्या परंपरेकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे धावपळीची साहसकथा भरपूर आहे. पिस्तूल, पाठलाग, मुंबईची रात्र, परदेशी हेर. मिस मार्पलच्या जातीची, एका गावात बसून सावकाश उलगडणारी गोष्ट मात्र मराठीत फार थोडी. जवळचं उदाहरण द्यायचं तर मी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं देईन: फुरसुंगीचा पोरगा, हाती हत्यार नाही, आहेत ते डोळे, कान आणि सायकल.

परीक्षणं झाली नाहीत, त्याचं काय झालं

एडमंड विल्सन हा अमेरिकेतला नामवंत समीक्षक. त्याने 1940च्या दशकाच्या मध्यावर ‘न्यू यॉर्कर’मध्ये रहस्यकथांविरुद्ध लेख लिहिले आणि हे सगळं वाचणं म्हणजे वेळेचा अपव्यय असा निकाल दिला. वाचकांनी संतापून पत्रांचा पाऊस पाडला. तरी तिकडे या प्रकाराला आधीपासून गंभीर परीक्षक मिळाले होते. डोरोथी सेयर्स ही स्वतः उत्तम रहस्यकथाकार. 1933 ते 1935 या काळात ती लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये दर आठवड्याला नव्या रहस्यकथा तपासून घ्यायची. पुढे अँथनी बाउचरने ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये 1951 पासून 1968 साली मरेपर्यंत हेच काम केलं. चांगलं काय, बनावट काय, हे वाचकाला आठवड्याच्या आठवड्याला कळत गेलं, आणि लेखकांनाही आपल्यावर कुणाची तरी नजर आहे हे कळत गेलं.

मराठीत विल्सन पुष्कळ झाले, बाउचर झाला नाही. रहस्यकथा ‘हलकी’ म्हणून विद्यापीठांनी बाजूला ठेवली. वर्तमानपत्रांच्या साहित्य पुरवण्यांनी तिला चार ओळी दिल्या, त्याही कधीमधी. परिणाम असा, की चांगली रहस्यकथा आणि घाईत उरकलेली रहस्यकथा एकाच ढिगात गेल्या. ढीग रद्दीत गेला तेव्हा दोन्ही गेल्या.

सर्वणमध्ये खून झाला तर

कारापूर-सर्वण ही डिचोली तालुक्यातली एक पंचायत, डिचोली आणि साखळी या दोन बाजारपेठांच्या मधली. एखाद्या लेखकाने इथे खुनाची गोष्ट रचली, तर ती चांगली जमली की नाही, हे पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला कळणार नाही. इथल्या वाचकाला कळेल.

वेळेचा हिशेब घ्या. रहस्यकथेत ‘त्या वेळी कोण कुठे होतं’ हा प्रश्न सगळ्यात मोठा. गोव्याच्या गावात पहाटे पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. त्याचा रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली, कुठल्या घरी किती पाव द्यायचे तेही ठरलेलं. एखाद्या घरी एक दिवस दोन पाव जास्त घेतले गेले, तर त्या घरी पाहुणा आहे हे सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. ज्या कादंबरीत गोव्यातलं गाव आहे, सकाळी प्रेत सापडलंय आणि पदेराला कुणीच काही विचारत नाही, ती कादंबरी लेखकाने लांबून लिहिली आहे, असं मी बेलाशक म्हणेन.

मग हेतू. ख्रिस्तीच्या कितीतरी गोष्टींत म्हातारा किंवा म्हातारी मृत्युपत्र बदलायच्या बेतात असते, आणि बदलायच्या आत कुणीतरी तिचा काटा काढतं. इंग्लंडात हे चालतं, कारण तिथे आपली मालमत्ता कुणालाही लिहून द्यायची मुभा मोठी आहे. गोव्यात तसं नाही. इथला वारसा कायदा 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. आता त्याची जागा 2012च्या गोव्याच्या स्वतंत्र उत्तराधिकार कायद्याने घेतली आहे, पण गाभा तोच. लग्न झालं की सर्वसाधारणपणे संपत्ती नवरा-बायकोची सामाईक होते. आपल्या वाट्यातला अर्धा भाग मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव राहतो. मृत्युपत्राने वाटेल तसं देता येतं ते उरलेल्या अर्ध्यातून. तेव्हा ‘बापाने रागाच्या भरात मुलाला एका पैशाचंही ठेवलं नाही’ हा हेतू गोव्यातल्या कादंबरीत सहसा टिकणार नाही. डिचोलीतल्या नोटरीच्या कचेरीतला कारकून हे पान दोनवर ओळखेल.

पण हाच कायदा लेखकाला दुसरे हेतू देतो, तेही जास्त गुंतागुंतीचे. वाटणीसाठी इन्व्हेंटरीची कार्यवाही होते आणि तिच्यात सगळे वारस यावे लागतात. एक भाऊ लिस्बनला, एक बहीण आखातात, तिसऱ्याचा वीस वर्षं पत्ता नाही. अशा घरात एके दिवशी तो तिसरा दारात येऊन उभा राहिला, तर तो खराच तो आहे का? जमीन विकायची तर बायकोचीही सही लागते, म्हणजे सुनेचा आणि जावयाचाही शब्द मोजावा लागतो. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांचं घराखालच्या जागेवरून चाललेलं जुनं भांडण आहे, ज्याला 1975च्या मुंडकार कायद्याने नवं वळण दिलं. खाणीने गिळलेली शेतं आहेत. 2012 साली खाणी बंद पडल्यावर हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले आणि सावकारी वाढली, ती गोष्ट आहे. हेतूंना तोटा नाही. फक्त ते इथले असले पाहिजेत.

इतिहासात जायचं म्हटलं तरी जागा मोकळी आहे. डिचोली आणि पेडणे हे पोर्तुगिजांच्या ‘नव्या काबिजादी’तले मुलूख, अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या हाती गेलेले. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला. त्याआधीच्या दहा वर्षांत पेडण्याच्या सीमेवर नाकेबंदी, चोरटी ये-जा, सेन्सॉरची कात्री आणि घराघरात कुणीतरी स्वातंत्र्यसैनिक किंवा कुणीतरी खबऱ्या असल्याची कुजबुज होती. गावचा रेजिदोर, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला गावपातळीवरचा अधिकारी, अशा काळात एका मृत्यूचा शोध घेतोय, ही कादंबरी कुणी लिहिली तर मी रात्र जागून वाचेन.

परदेशी लेखकांनी आपल्या माणसांवर रहस्यकथा लिहिल्याच आहेत. एच. आर. एफ. कीटिंगचा इन्स्पेक्टर गणेश घोटे हा मुंबई पोलिसातला मराठी माणूस. तो 1964 साली ‘द परफेक्ट मर्डर’मध्ये आला आणि त्या पुस्तकाला इंग्लंडातला मोठा पुरस्कार मिळाला. त्यानंतर कितीतरी वर्षं कीटिंगने भारत पाहिलेलाच नव्हता. सगळं वाचून, ऐकून लिहिलं. घोटे प्रेमळ आहे, भित्रा आहे, प्रामाणिक आहे आणि मला आवडतो. पण त्याच्या घरातलं बोलणं मराठी घरातलं वाटतं का, हे मराठी वाचकानेच सांगायला हवं होतं.

दोनदा वाचावी

रहस्यकथा परीक्षणासाठी वाचायची तर दोनदा वाचावी लागते. पहिल्यांदा अगदी साध्या वाचकासारखी, हुरहुर वाटू देत, फसत. या वाचनात शक्यतो काही लिहून घेऊ नये. फक्त कुठे कंटाळा आला आणि कुठे चहा गार झाला, तेवढं लक्षात ठेवावं.

दुसऱ्यांदा खुनी माहीत असताना वाचावी. हे वाचन जास्त सुखाचं असतं, असा माझा अनुभव आहे. लेखकाने आपल्या नाकासमोर धागा कसा ठेवला होता ते आता दिसतं. ख्रिस्तीबाईंची एक लकब म्हणजे महत्त्वाची वस्तू पाच बिनमहत्त्वाच्या वस्तूंच्या रांगेत मधोमध ठेवणं. टेबलावर काय काय होतं याची यादी येते, आपली नजर पहिल्या आणि शेवटच्या वस्तूवर थांबते आणि मधली निसटते. दुसरी लकब म्हणजे धागा दाखवला की लगेच कुणाला तरी रडवायचं, भांडवायचं किंवा दारावर टकटक करवायची. वाचकाचं लक्ष माणसांकडे जातं, वस्तू मागे राहते.

याच वाचनात प्रामाणिकपणा तपासायचा. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले: गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच भेटलेला असावा, भुताखेतांची मदत घेऊ नये, गुप्त वाट एकापेक्षा जास्त नसावी, जुळा भाऊ शेवटच्या पानावर आणू नये, वगैरे. नियम मोडूनही थोर कादंबऱ्या झाल्यात. पण नियमांमागचा करार खरा आहे. सत्यशोधकाला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. ‘इन्स्पेक्टरने कागद वाचला आणि त्याचे डोळे चमकले’ असं लिहून कागदात काय आहे ते लपवणं, ही मला लेखकाची हार वाटते. मराठीतल्या घाईत लिहिलेल्या रहस्यकथांत ही हार वारंवार दिसते.

लिहिताना काय सांगावं, काय झाकावं

लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे ख्रिस्तीचं नाटक 1952 साली रंगमंचावर आलं. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. लाखो लोकांनी ही विनंती पाळली, म्हणून ते नाटक इतकी दशकं चाललं. आपल्या वाचनालयांत याच्या उलट खोड फार जुनी आहे: पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. परीक्षण लिहिणाऱ्याने तेच वेगळ्या रीतीने करू नये.

नाव सांगितलं नाही म्हणजे झालं, असंही नाही. ‘शेवटी असा काही धक्का बसतो की विश्वास बसत नाही’ असं वाक्य लिहिलं, की वाचक पहिल्या पानापासून सर्वांत साध्या माणसावर डोळा ठेवतो. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ 1926 साली आली तेव्हा काही वाचकांना फसवल्यासारखं वाटलं, काहींना ती लेखिकेची कमाल वाटली. वाद कशावरून झाला हे मी इथे सांगणार नाही. ती कादंबरी ज्यांनी वाचली नाही त्यांच्याकडे अजून एक मोठा आनंद शिल्लक आहे.

मग सांगायचं काय? पहिल्या चौथाईत जे घडतं ते मोकळेपणाने सांगावं: जागा, माणसं, कुणाचं प्रेत, कोण शोध घेतंय. पुढचं झाकावं. गोष्टीचा सारांश चार-पाच ओळींहून लांबवू नये. पुष्कळ मराठी परीक्षणं सारांशातच संपतात, आणि वाचून कळतं एवढंच, की परीक्षकाने पुस्तक पुरं वाचलंय.

उरलेल्या जागेत तपासणी यावी, आणि तपासणी आपापल्या अंगणातली यावी. नर्सताई असाल तर विषाचा परिणाम किती वेळात दिसतो ते बघा. खाणीवर ट्रक चालवलाय त्याने रात्रीच्या घाटातला पाठलाग बघावा. तलाठ्याने सात-बारा आणि गोव्यातल्या वाचकाने एक-चौदाचा उतारा बघावा. लेखकाने एकाच्या जागी दुसरा घातला असेल तर तसं लिहावं. पुजाऱ्याने देवळातल्या चोरीची वेळ बघावी: तेव्हा गाभारा उघडा असतो का? चूक सापडली की ती गोष्ट मोडते का नुसती खुपते, हेही लिहावं. दोन्हींत पुष्कळ फरक आहे.

रूपांतर असेल तर तसं स्पष्ट म्हणावं. नारायण धारपांची ‘लुचाई’ आणि स्टीफन किंगची 1975ची ‘सेलम्स लॉट’ यांचं नातं वाचकांनी केव्हाच ओळखलंय. ते सांगितल्याने धारप लहान होत नाहीत. उलट अमेरिकेतल्या गावाचं भय त्यांनी मराठी गावात कसं रुजवलं, कुठले देव, कुठली माणसं, कुठली भाषा त्यासाठी आणली, हे मग नीट दाखवता येतं. मूळ कृतीचं श्रेय पुस्तकात दिलेलं नसेल, तर तेही परीक्षणात नोंदवावं.

आणि आवडलं असेल तर आवडलं म्हणावं. रहस्यकथा आवडल्याचं सांगताना पुष्कळ सुशिक्षित माणसं उगाच खुलासे देतात: प्रवासात वेळ जात नव्हता, हाताशी दुसरं काही नव्हतं. त्याची काही गरज नाही. मिस मार्पलने माणसाच्या स्वभावाविषयी जे मला शिकवलं, ते कित्येक गंभीर कादंबऱ्यांनी शिकवलेलं नाही.

भयकथा, प्रेमकथा

प्रकार बदलला की मोजायचं मापही बदलतं. भयकथेत कोड्याच्या उत्तराला महत्त्व नाही. भीती कुठल्या क्षणी आत शिरली ते महत्त्वाचं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत ती ओळखीच्या घरातून, ओळखीच्या माणसातून येते. परीक्षकाने तो क्षण शोधावा आणि तिथल्या वाक्यांची लांबी-रुंदी बघावी. शेवट सांगू नये, हा नियम मतकरींच्या बाबतीत तर दुप्पट कडक पाळावा.

प्रेमकथेला तर आपल्याकडे एकदा सर्वोच्च न्यायालयाने वाचलंय. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा 1962 साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. न्यायमूर्तींनी सुटे उतारे बघून निकाल दिला नाही. कथा सबंध वाचली, तिचा एकूण सूर काय आहे ते पाहिलं. ज्यांना काकोडकर म्हणजे नुसता चावटपणा वाटतो, त्यांनी एवढीच तसदी घ्यायला हरकत नव्हती. याच काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला, हेही थोड्यांना ठाऊक असतं.

जुनं पुस्तक हाती लागलं तर

चवथीच्या आधी घर झाडताना माळ्यावरून, किंवा गावातलं एखादं वाचनालय आवरताना, अर्नाळकरांची नाहीतर नाईकांची पिवळी पडलेली पुस्तकं निघतात. ती रद्दीवाल्याला देण्याआधी शेवटचं पान आहे का ते बघावं. या पुस्तकांचं तेच पान आधी जातं. पूर्ण असेल तर पुस्तकाचं नाव, मालिकेचं नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत आणि मुखपृष्ठावरच्या चित्रकाराची सही वहीत टिपून घ्यावी. इतकं लिहिलेल्या या दोघांच्या सगळ्या पुस्तकांची खात्रीची यादी करायची, तर तिला अशाच घरगुती वह्या कामी येतील. मागच्या बाजूला वाचनालयाची तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती फाडू नये. कुठलं पुस्तक महिन्यात चारदा गेलं आणि कुठलं वर्षभर हललं नाही, हे त्या चिठ्ठीवर असतं, आणि त्या काळातल्या वाचकांचं मत दुसरीकडे सहसा सापडत नाही.

पुस्तक ठेवायला घरी जागा नसेल, तर पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून बघावं. 1832 साली सुरू झालेलं हे ग्रंथालय गोव्यातला जुना छापील मजकूर सांभाळत आलंय. देण्याआधी पुस्तक एकदा वाचून काढावं, आणि पानभर अभिप्राय लिहून आत ठेवावा, खुन्याचं नाव वगळून.